विशेषनामाचे सामान्यनाम : ललिता पवार यांच्या चरित्राचा एक विचार

१

मराठी व्याकरणात नामाचे प्रकार सांगताना एका गोष्टीची नोंद नेहमी केली जाते. एखादे विशेषनाम दीर्घकाळ लोकांच्या तोंडी राहिले आणि त्या व्यक्तीचा एखादा गुण वा अवगुण त्याला घट्ट चिकटला, म्हणजे ते विशेषनाम सामान्यनामाचे कार्य करू लागते. भांडणे लावून देणारा तो नारद, झोपाळू तो कुंभकर्ण, घरभेदी तो बिभीषण. स्त्रियांच्या बाबतीत अशी नावे पाहू गेल्यास मंथरा आणि आनंदीबाई ही दोन चटकन आठवतात. कान भरणारी ती मंथरा आणि मसलतीत विष कालवणारी ती आनंदीबाई, असा व्यवहार मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मालिकेत तिसऱ्या एका नावाची भर पडली. खाष्ट सासूविषयी बोलताना ‘ती म्हणजे अगदी ललिता पवार’ असे म्हटले, की ऐकणारास अधिक काही सांगावे लागत नाही.

भाषेच्या दृष्टीने हा व्यापार स्वाभाविक होय. तथापि इतिहासाच्या दृष्टीने तो सर्वस्वी निरुपद्रवी नाही. विशेषनाम सामान्यनाम होताना अर्थाचा विस्तार झाल्यासारखा दिसतो. वस्तुतः मूळ व्यक्तीपुरता तो संकोचच असतो. तिचा एक अंश टिकतो आणि बाकीचे आयुष्य गळून पडते. पुढे कोणी त्या आयुष्याकडे वळलाच, तर त्या एका अंशाचे कारण शोधण्यासाठी वळतो, आणि लोककथेने ते कारण आधीच तयार ठेवलेले असते. आनंदीबाईंच्या बाबतीत ते कारण म्हणजे एक अक्षर. ललिता पवार यांच्या बाबतीत ते कारण म्हणजे एक चपराक. या दुसऱ्या कारणाची परीक्षा करणे आणि त्या निमित्ताने एका असामान्य कलाजीवनाचा आढावा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

या दोन स्त्रियांना जोडणारा दुवा केवळ भाषिक नाही, तो प्रादेशिकही आहे. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता निफाडवरून विंचूरला येतो आणि तेथून पूर्वेस येवल्याकडे जातो. विंचूर हे पेशवाईतील मातबर सरदार विठ्ठल शिवदेव दाणी, म्हणजेच विंचूरकर, यांच्या जहागिरीचे ठिकाण. पानिपतच्या रणांगणातून वाचून आलेल्या सरदारांपैकी ते एक होत. १७६१ नंतर थोरले माधवराव आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्यात जो कलह पेटला, त्यात विंचूरकरांचा ओढा रघुनाथरावांकडे होता.

रघुनाथराव आणि त्यांची पत्नी आनंदीबाई यांच्या आयुष्याच्या खुणा या टापूत ठिकठिकाणी सापडतात. नाशिकच्या पश्चिमेस, गोदावरीच्या काठी, आनंदवल्ली हे स्थान आनंदीबाईंचे नाव आजही धारण करून आहे. तेथे रघुनाथरावांनी वाडा बांधला होता. येवल्याच्या दक्षिणेस, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कोपरगाव आहे. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव तेथे येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात तेथेच वारले. आनंदवल्ली आणि कोपरगाव यांना जोडणारा मार्ग ज्या मुलखातून जातो, तो निफाड, विंचूर आणि येवले यांचा मुलूख होय.

याच मुलखातील येवले येथे १८ एप्रिल १९१६ रोजी ललिता पवार यांचा जन्म झाला. जन्मनाव अंबा, वडील लक्ष्मणराव शगुन हे रेशमी व सुती कापडाचे व्यापारी. येवले हे पैठणीचे आणि रेशमाच्या विणकामाचे जुने केंद्र असल्याने या धंद्यात नवल काही नव्हते. गावाची इतिहासातील ओळख मात्र रेशमापुरती मर्यादित नाही. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचा जन्म येथील मानला जातो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तीही येवल्याच्या परिषदेत. अशा गावातील एका व्यापाऱ्याची कन्या वयाची बारा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास चित्रपटात दिसू लागली, ही घटना तिच्या पुढील कीर्तीमुळे आज साधी वाटते; त्या काळी ती तशी नव्हती.

३

ती साधी का नव्हती हे समजण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, तेव्हा तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळाली नाही आणि अण्णा साळुंके या पुरुषाने ती केली. त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिक येथे ‘मोहिनी भस्मासुर’ तयार केला, आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. म्हणजे मराठी मुलखात चित्रपटातील स्त्रीचा प्रवेश नाशिकच्याच भूमीवर झाला. परंतु एका घराण्यातील माय-लेकींनी धाडस केले म्हणून समाजाची दृष्टी पालटते असे नाही. कुलीन घरातील मुलीने कॅमेऱ्यासमोर उभे राहणे हे पुढे कित्येक वर्षे गैर मानले जात होते.

अंबा शगुन हिचा पहिला चित्रपट १९२८ चा आणि त्याचे नाव पुन्हा ‘राजा हरिश्चंद्र’ असेच. १९१३ च्या ‘हरिश्चंद्रा’त राणीसाठीसुद्धा स्त्री नव्हती, १९२८ च्या ‘हरिश्चंद्रा’त येवल्याची एक बालिका काम करीत होती. दोन चित्रपटांमधील हे अंतर त्या पंधरा वर्षांतील सामाजिक फरकाचे माप म्हणून घेता येईल. हे काम तिने नवव्या वर्षी केले असे बहुतेक चरित्रलेखांत आढळते. जन्मसाल १९१६ धरले तर ती त्या वेळी बारा वर्षांची असावयास हवी. लोकप्रिय चरित्रांतील कालगणना किती ढिलाईने चालते याचे हे लहानसे उदाहरण. याहून मोठे उदाहरण पुढे येणार आहे.

तिची उमेदवारी पुण्याच्या चित्रपटसंस्थांत झाली. नानासाहेब सरपोतदार यांची आर्यन फिल्म कंपनी ही त्यांतील प्रमुख. मूकपटांत तेव्हा पौराणिक कथांच्या बरोबरीने साहसपटांना मागणी होती. नटीस घोड्यावर बसणे, तलवार चालवणे, उंचावरून उडी घेणे ही कामे स्वतः करावी लागत. शब्द नसल्याने भाव चेहऱ्याने आणि शरीराने व्यक्त करावा लागे. ललिताबाईंच्या अभिनयात पुढे जी अंगविक्षेपाची नेमकी जाण दिसते, तिचे मूळ या शाळेत आहे. मंथरेचे वाकलेले चालणे किंवा केळेवालीचे बैठक मारून बसणे हे ज्या सहजतेने येते, ती सहजता मूकपटाने दिली.

दिग्दर्शक गणपतराव पवार यांच्याशी विवाह झाल्यावर ती ललिता पवार या नावाने प्रसिद्धीस आली. १९३२ च्या ‘कैलाश’ या मूकपटात तिने प्रमुख भूमिका केली आणि त्याच्या निर्मितीतही भाग घेतला. त्या वेळी तिचे वय अवघे सोळा. ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित होऊन गेला होता. मूकपटाचे दिवस भरत आले होते. अशा काळात मूकपटाच्या निर्मितीत उतरणे धाडसाचे होते. पुढे १९३७ च्या सुमारास तिने ‘दुनिया क्या है’ या बोलपटाच्या निर्मितीतही भाग घेतला आणि त्यात नायिकेची भूमिका केली. टॉलस्टॉय यांच्या १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. एका उच्चकुलीन पुरुषाने फसविलेली दासी, तिची झालेली परवड, आणि न्यायालयात तिच्यावर आलेला खुनाचा आळ, अशी ती कथा. समाज एका स्त्रीचे सर्व आयुष्य एका निवाड्यात कसे आटपून टाकतो, हे त्या कादंबरीचे सूत्र. जिला लोक आज केवळ सासू म्हणून ओळखतात, त्या स्त्रीने वयाच्या विशीत पैसा व प्रतिष्ठा पणास लावून असा विषय पडद्यावर आणण्यास हातभार लावला, ही गोष्ट तिच्याविषयीच्या लोककथेत सहसा येत नाही.

४

बोलपट आला आणि भारतीय चित्रपटसृष्टीत मोठी उलथापालथ झाली. मूकपटातील अनेक नटनट्यांना भाषा आड आली. सुलोचना या नावाने देशभर गाजलेल्या रूबी मायर्स यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांना हिंदुस्थानी भाषेचा अभ्यास करण्यासाठी काही काळ पडद्यापासून दूर राहावे लागले. कॅमेऱ्यास रूप पुरत असे. ध्वनिमुद्रण यंत्रास उच्चार लागत होता.

ललिताबाई या कसोटीस उतरल्या. ‘हिम्मते मर्दां’ (१९३५) या बोलपटात त्यांनी अभिनयाबरोबर गायनही केले. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वीचा तो काळ. ज्याने गावयाचे त्यानेच गावयाचे, असा संकेत होता. मराठी ही त्यांची मातृभाषा. हिंदी त्यांनी कामातून आत्मसात केली. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’, वि. स. खांडेकरांच्या कथेवरून मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘अमृत’ (१९४१), ‘संत दामाजी’ आणि ‘गोरा कुंभार’ या चित्रपटांतून त्या प्रमुख स्त्रीपात्र म्हणून दिसतात. ऐतिहासिक कथा, संतचरित्र आणि खांडेकरांचे सामाजिक कथानक यांची भाषा परस्परांहून भिन्न. दरबारी मराठी, वारकरी परंपरेतील घरगुती मराठी आणि श्रमजीवी वर्गाची मराठी अशा निरनिराळ्या बोलण्यांचा सराव त्यांना या दशकात झाला. पुढे खलनायिकेच्या भूमिकेसाठी जे हत्यार लागणार होते, ते येथे घासून तयार होत होते असे म्हणावयास हरकत नाही.

५

आता त्या प्रसिद्ध प्रसंगाकडे वळले पाहिजे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात नट मास्टर भगवान यांनी ललिताबाईंना चपराक मारावयाची होती. ती प्रमाणाबाहेर जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस लकवा झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार तीन वर्षे चालले. डोळा वाचला, परंतु तो कायमचा बारीक राहिला. येथवरच्या वृत्तांताविषयी मतभेद नाही.

मतभेद आहे तो पुढील निष्कर्षाविषयी. लोककथा अशी सांगते की, एका नवख्या नटाच्या हातून हा अपघात घडला. तीन वर्षे नायिका घरी बसली. परत आली तेव्हा चेहरा बिघडलेला असल्याने नायिकेचे काम मिळेना. म्हणून ती खलनायिका झाली. चार वाक्यांची ही साखळी इतकी सुबक आहे की तिची कडी कोणी तपासत नाही. कालक्रम मांडला म्हणजे मात्र प्रत्येक कडी सैल असल्याचे दिसते.

प्रथम ‘नवखा नट’ हा शब्द. मास्टर भगवान हे १९१३ साली जन्मलेले. मूकपटाच्या अखेरच्या पर्वापासून ते काम करीत होते आणि १९३८ मध्ये ‘बहादुर किसान’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही त्यांचा हात होता. १९४२ मध्ये त्यांना नवखे म्हणता येत नाही. साहसपटांत मारामारीचे प्रसंग संरक्षणाची साधने न वापरता प्रत्यक्ष करण्याची रीत होती. अपघाताचे कारण एका माणसाच्या अननुभवात शोधण्यापेक्षा या रीतीत शोधणे अधिक युक्त होय. लोककथेला मात्र रीतीपेक्षा माणूस सोयीचा असतो.

दुसरी कडी तीन वर्षांच्या खंडाची. उपचार तीन वर्षे चालले म्हणजे काम तीन वर्षे थांबले, असे गृहीत धरले जाते. परंतु पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’ १९४४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात ललिताबाई आनंदीबाईंच्या भूमिकेत आहेत. उपचारांचा काळ संपण्यापूर्वीच त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. म्हणजे बऱ्या होऊन परतल्यावर नाइलाजाने पदरी पडलेले हे काम नव्हे. मराठी चित्रपटातील अग्रगण्य संस्थेने आपल्या महत्त्वाच्या ऐतिहासिक चित्रपटातील सर्वांत अवघड स्त्रीपात्र त्यांच्या हाती दिले, आणि तेही त्यांच्या दुखण्याच्या काळात.

तिसरी कडी वयाची. नायिकेचे काम न मिळण्याचे कारण डोळा, असे म्हणताना समकालीन नट्यांचे काय झाले हे पाहिले पाहिजे. लीला चिटणीस १९०९ च्या. १९३९ मध्ये ‘कंगन’ चित्रपटात त्या अशोककुमार यांच्या नायिका होत्या. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या नायकाची आई झाल्या आणि १९५१ च्या ‘आवारा’तही आईच राहिल्या. अशोककुमार १९११ चे. ते १९५८ च्या ‘हावडा ब्रिज’पर्यंत नायक होते. लीलाबाईंना कोणी चपराक मारली नव्हती. दुर्गा खोटे यांनाही कसला अपघात झाला नव्हता. तरी १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तील तारामती पुढे आई व राजमाता यांच्या भूमिकांत स्थिरावली. तिशी ओलांडताच स्त्रीस आईच्या जागी बसविणे हा त्या धंद्याचा नियमच होता. ललिताबाई १९४५ मध्ये एकोणतीस वर्षांच्या होत्या. चपराक बसली नसती तरी नायिकापद फार दिवस टिकले असते असे मानण्यास आधार नाही.

येथे कोणी विचारील की, इतर नट्या सोशिक आई झाल्या आणि ललिताबाईच तेवढ्या दुष्ट सासू का झाल्या? हा प्रश्न रास्त आहे. बारीक झालेल्या डोळ्याचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. ललिताबाईंनी त्या व्यंगाचे साधन केले आणि संशय, मत्सर, कपट यांची छटा त्या एका आकुंचनाने दाखविली. परंतु साधन म्हणजे कारण नव्हे. कारण पाहावयाचे तर ‘रामशास्त्री’कडे पुन्हा जावे लागते.

६

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या लेखी आज्ञेत ‘धरावे’ असे होते, ते आनंदीबाईंनी ‘मारावे’ असे केले, ही कथा मराठीत ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराच्या रूपाने अमर झाली आहे. ती परंपरागत कथा आहे. तिला निर्णायक समकालीन पुराव्याचे बळ नाही. आनंदीबाईंचे उरलेले आयुष्य मात्र कथा नव्हे. पती परागंदा असता धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये पुत्रास जन्म देणारी, १७८३ मध्ये विधवा होऊन कारभाऱ्यांच्या नजरकैदेत मुलांना वाढविणारी, आणि १७९४ मध्ये आपला पुत्र बाजीराव पेशवेपदी आलेला न पाहता मरण पावणारी ही स्त्री होती. वीस वर्षांचा हा सर्व काळ एका अक्षराखाली झाकला गेला.

‘रामशास्त्री’ हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. रामशास्त्री प्रभुण्यांची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली आणि दिग्दर्शनाची मुख्य जबाबदारीही त्यांच्यावर होती. न्यायनिष्ठुर शास्त्रीबोवांसमोर उभी राहणारी आनंदीबाई केवळ आरडाओरडा करणारी असती, तर चित्रपटाचा तोलच गेला असता. तिची सत्ता तिच्या हाती नाही. ती पतीच्या कानी पडणाऱ्या शब्दात आहे. शस्त्र, सैन्य, पद यांपैकी काहीही नसलेली व्यक्ती केवळ शब्दाने इतिहासाचा ओघ फिरविते, हे या पात्राचे मर्म. ते पेलण्यास चेहऱ्याहून आवाजाची आणि उच्चाराची अधिक गरज होती. मागील पंधरा वर्षांत मूकपटातून देहबोली आणि बोलपटातून भाषेचे निरनिराळे थर ज्यांनी आत्मसात केले होते, त्या ललिताबाई या कामास योग्य ठरल्या. येवल्याच्या अंबेने आनंदवल्लीच्या आनंदीबाईंना वाणी दिली असे म्हटले, तर ते केवळ अलंकारिक होणार नाही.

याच दृष्टीने मंथरेची भूमिका पाहावी. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात आणि पुन्हा १९८७ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत ललिताबाईंनी मंथरा उभी केली. मंथरेपाशीही सत्ता नाही, शब्द आहे. दासी एक वाक्य बोलते आणि अयोध्येचे राज्य पालटते. येथे एक तुलना उद्बोधक आहे. १९४२ च्या ‘भरत मिलाप’मध्ये दुर्गा खोटे यांनी कैकेयी साकारली आणि ती वाखाणली गेली; परंतु ‘दुर्गा खोटे’ हे नाव कैकेयीचा पर्याय झाले नाही. ललिताबाईंच्या बाबतीत पात्र आणि नटी यांतील अंतर मिटले. ज्यांची नावे आधीच सामान्यनामे झाली होती अशा दोन स्त्रिया त्यांनी वठविल्या, आणि त्या दोघींच्या पंक्तीत त्यांचे स्वतःचे नाव जाऊन बसले.

७

वास्तविक त्यांच्या भूमिकांची यादी पाहिली, तर हे सामान्यनाम त्यांच्यावर अन्याय करणारे आहे हे सहज पटते. दोन सालांचा दाखला पुरे आहे.

१९५५ मध्ये राज कपूर यांचा ‘श्री ४२०’ आणि गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ हे दोन्ही चित्रपट आले. पहिल्यात ललिताबाई फुटपाथवर केळी विकणारी गंगा माई आहेत. जिभेने तिखट आणि मनाने मऊ अशी ही बाई शहरात नव्याने आलेल्या पोरक्या तरुणास आईची माया देते. दुसऱ्यात त्या सीतादेवी नावाच्या श्रीमंत, सुशिक्षित, पुरुषजातीवर डूख धरलेल्या आत्याबाई आहेत. स्त्रियांच्या हक्कांची भाषा हे त्यांचे हत्यार. एकीचे बोलणे रस्त्यावरचे, दुसरीचे सभेतले. चार वर्षांनी, १९५९ मध्ये, हाच प्रकार पुन्हा घडला. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’त त्या मिसेस डिसा झाल्या. भाड्यासाठी ओरडणारी आणि त्या ओरडण्याआड भाडेकरूची काळजी वाहणारी ही ख्रिस्ती घरमालकीण इतकी गाजली, की तिच्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या अस्पृश्य मुलीचा स्पर्श टाळणाऱ्या सनातनी वृद्धेच्या भूमिकेत होत्या. ज्या गावी आंबेडकरांनी १९३५ ची घोषणा केली, त्या गावच्या कन्येने चोवीस वर्षांनी पडद्यावर शिवाशिवीचा विचार किती घरगुती आणि म्हणून किती कठोर असतो हे दाखवावे, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

आता प्रश्न असा की, गंगा माई आणि सीतादेवी, मिसेस डिसा आणि ‘सुजाता’तील वृद्धा, यांचा डोळा एकच आहे. त्या डोळ्याकडे पाहून एका ठिकाणी प्रेक्षकास वात्सल्य दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी दुष्टपणा दिसतो. मग फरक कोणी केला? तो बोलण्याने केला. त्यांचे हिंदी उच्चार मराठी वळणाचे असत; ते लपविण्याऐवजी पात्रानुसार वाकविण्याची हातोटी त्यांना साधली होती. फुटपाथवरील विक्रेती, मुंबईची ख्रिस्ती घरमालकीण, श्रीमंत बंगल्यातील मालकीण, सनातनी घरातील वृद्धा ही समाजाच्या निरनिराळ्या थरांतील माणसे त्यांच्या बोलण्याच्या लयीवरून ओळखू येत. ‘माई’, ‘माँ’, ‘मिसेस’ या संबोधनांतील प्रत्येकाबरोबर बोलणाऱ्या दोघांमधील नाते, अंतर आणि अधिकार बदलतो, आणि ललिताबाईंचा स्वर त्या बदलाबरोबर चालतो.

त्याचप्रमाणे ‘हम दोनों’ (१९६१) या चित्रपटात दोन आयांच्या भूमिका होत्या, आणि त्या लीला चिटणीस व ललिता पवार या दोघींनी केल्या. एकीस अपघात झालेला, दुसरीस न झालेला. दोघींच्या वाट्यास आलेले पद एकच. पाचव्या विभागात जे विधान कालक्रमावरून केले, त्याचा पुरावा येथे एकाच पडद्यावर मिळतो. त्याच १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीने ललिताबाईंना अभिनयासाठी पुरस्कार दिला. पुढे ‘आनंद’ (१९७१) मध्ये हृषीकेश मुखर्जींनी त्यांना रुग्णालयातील मेट्रनची भूमिका दिली आणि तिचेही आडनाव डिसाच ठेवले. शिस्तीने कठोर आणि अंतर्यामी कोमल अशा या पात्रावरून असे दिसते की, या नटीची दुसरी बाजू जाणणारे दिग्दर्शक होते. तिचा विसर पडला तो लोकव्यवहारास.

८

ललिता पवार यांचे निधन २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंध येथे झाले. १९२८ पासून मोजले तर त्यांचे कलाजीवन सुमारे सहा दशकांहून अधिक भरते. हिंदी, मराठी व गुजराती मिळून सातशेहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. हा आकडा एकेक चित्रपट मोजून सिद्ध करणे कठीण आहे. पण तो निम्मा धरला तरी मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट आणि दूरदर्शन या चारही पर्वांत काम केलेल्या भारतीय नट्या मोजक्याच आहेत, यात शंका नाही.

या दीर्घ जीवनाचे स्पष्टीकरण एका क्षणात शोधण्याची प्रवृत्ती का निर्माण होते, याचा विचार अभ्यासकांनी करावयास हवा. पुरुषाच्या कर्तृत्वाचे वर्णन करताना आपण शिक्षण, उमेदवारी, श्रम, संधी यांचा क्रम मांडतो. स्त्रीच्या बाबतीत मात्र एखादा अपघात, एखादा आघात, एखादी चूक पुरेशी वाटते. आनंदीबाईंच्या वीस वर्षांच्या राजकीय धडपडीस एक अक्षर पुरले. ललिताबाईंच्या साठ वर्षांच्या श्रमास एक चपराक पुरली. दोन्ही कथांत स्त्रीचे स्वतःचे बुद्धिपुरस्सर केलेले काम दृष्टिआड होते. सोळाव्या वर्षी निर्मितीत उतरणारी, टॉलस्टॉयची कथा पडद्यावर आणण्यास साहाय्य करणारी, भाषा शिकणारी, आणि अर्धा चेहरा दुखावलेला असता आनंदीबाईसारखे अवघड पात्र स्वीकारणारी स्त्री त्या चपराकेच्या कथेत कोठेच नाही. तेथे आहे ती केवळ चपराक सोसणारी.

विशेषनाम सामान्यनाम होण्याचा व्यापार थांबविणे कोणाच्या हाती नाही. भाषा आपल्या सोयीने चालते आणि तिला तसे चालू द्यावे. परंतु कोशात ज्या शब्दाचा अर्थ ‘खाष्ट सासू’ असा द्यावा लागेल, त्याच्या व्युत्पत्तीत तरी सत्य यावे. ती व्युत्पत्ती येवल्यापासून सुरू होते, पुण्याच्या मूकपटशाळेतून जाते, १९४४ च्या ‘रामशास्त्री’पाशी निश्चित वळण घेते, आणि तेथून पुढे एका कष्टाळू स्त्रीने कमावलेल्या आवाजावर चालते. १९४२ ची चपराक त्या मार्गावरील एक दुर्दैवी ठिकाण आहे. मार्ग तेथे सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही.